मालगुजाराची बोट

इंजिन चालू होतं, पण पाण्यातला पंखा फिरत नव्हता. पट्टा ओला होऊन चाकावरून घसरला होता आणि नवरा तो दोन्ही हातांनी परत चढवायला बघत होता. बोटीत पाणी माझ्या पोटऱ्यांच्या वर आलं होतं. वैनगंगा गढूळ लाल होती आणि दोन्ही काठ सारखेच लांब दिसत होते. सहा वर्षांची मुलगी माझ्या कडेवर होती. तिने माझ्या गळ्याला अशी मिठी मारली होती की मला श्वास घेता येत नव्हता. सासू समोरच्या पाटावर ओटीचं ताट मांडीवर धरून बसली होती, जणू ताट सांडलं नाही तर बाकी काही होणार नाही. बोटीच्या मधोमध वाढई उभा होता. सुताराला आमच्याकडे वाढई म्हणतात. त्याच्या पायांखाली तळाची फळी होती. ती खिळे तोडून वर आली होती आणि तो अंगाचा सगळा भार देऊन तिला खाली दाबत होता. त्याने भार जरा कमी केला की फळीच्या दोन्ही कडांनी पाणी उसळायचं.

मला पोहता येत नव्हतं. वाढईलाही येत नव्हतं.

नवऱ्याने पट्टा सोडला आणि त्याच्याकडे पाहिलं. "काका, किती वेळ धरसान?"

वाढई म्हणाला, "मले काय मालूम."

आमचं घर नदीच्या अलीकडे आणि निम्मी शेती पलीकडे. माझ्या सासऱ्याच्या बापाने पलीकडच्या बांध्या, म्हणजे धानाची शेतं, स्वस्तात मिळाल्या म्हणून घेतल्या, आणि त्या स्वस्त का होत्या ते पुढच्या सगळ्या पिढ्यांनी भोगलं. उन्हाळ्यात रेतीतून चालत जाता यायचं. पावसाळ्यात, धान लावायच्या ऐन रोवण्याच्या दिवसांत, डोंग्याने जावं लागायचं. डोंगा म्हणजे एकाच झाडाचं खोड कोरून केलेली नाव. त्यात माणसं एकामागे एक बसतात आणि कुणी शिंकलं तरी तो डुलतो. गावातला एक ढीवर, म्हणजे कोळी, डोंगा चालवायचा. रोवण्याच्या बाया आणि पऱ्ह्याच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, पेंढ्या पलीकडे न्यायला त्याला सकाळपासून खेपा माराव्या लागत.

माझं माहेर आंधळगावकडचं. म्हशी बसतील एवढ्या तळ्यापेक्षा जास्त पाणी मी पाहिलेलं नव्हतं. लग्न होऊन आले तेव्हापासून डोंग्यात बसलं की मी डोळे मिटायची आणि पायाखाली रेती लागली की उघडायची. सासू म्हणायची, ही नदीपार झोपूनच जाते. मी झोपत नव्हते. डोळे मिटून मी पाण्याचा आवाज ऐकत असे, आणि तो बघण्यापेक्षा वाईट होता.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षीच्या रोवण्यात डोंगा उलटला. काठ जवळ होता, म्हणून बाया पाण्यातून निघाल्या. पेंढ्या वाहून गेल्या. पण बाया भ्यायल्या आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्या पलीकडच्या बांध्यांवर यायला कोणी तयार होईना. पऱ्हे पिवळे पडले. अर्धी जमीन तशीच राहिली. त्या हिवाळ्यात नवऱ्याने ठरवलं की आपली स्वतःची मोठी नाव पाहिजे, न उलटणारी.

नवी नाव करायची आमची ऐपत नव्हती. शेजारच्या गावी जुन्या मालगुजाराचा, म्हणजे जमीनदाराचा, वाडा होता. मालगुजारी कधीच गेली होती, माणसं नागपूरला राहायला गेली होती, पण बैलबंड्या ठेवायच्या कोठ्यात त्यांची एक मोटारबोट पडून होती. इंग्रज होते तेव्हा मालगुजार त्या बोटीतून गावच्या तलावावर बदकं मारायचा. नवरा तिथे कशाला गेला होता ते आठवत नाही, पण तो बोट पाहून आला आणि त्या रात्री जेवला नाही. वाड्याच्या कारभाऱ्याला कोठा रिकामा करून हवा होता. एक पोतं चिन्नोर तांदूळ दिला आणि बोट आमची झाली.

ती दोन बंड्या एकामागे एक जोडून त्यावर आडवी घालून आणली. लांब, निमुळतं नाक, पांढरा रंग पापुद्र्यासारखा निघालेला. आत एक कुजलेली चामड्याची गादी आणि मोटारीला असतं तसं चाक. आमची मुलगी त्या चाकापुढे बसली आणि उतरायला तयार होईना. मी तिला ओढून काढलं. बोट अंगणात, कोरड्या जमिनीवर होती, तरी मला तिच्याजवळ जावंसं वाटत नव्हतं.

सासूने बोटीत उभं राहून खाली पाहिलं. फळ्या वर्षानुवर्षं सुकून एवढ्या आक्रसल्या होत्या की फटींतून अंगणातल्या कोंबड्या फिरताना दिसत होत्या.

"हे नाव होय का चाळनी?" ती म्हणाली. "का चाळून राहिला रे बाप्पा, तांदूळ का पैसा?"

ढीवरही बघायला आला. नवरा त्याची खेप बंद करणार म्हणून तो आधीच फुगलेला होता. त्याने बोटीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, आमचा डोंगा म्हणजे एक लाकूड, याच्यात तर जोडच जोड आहेत. कुठून फाटेल ते सांगता येणार नाही. नवरा म्हणाला, तुझा डोंगा कुठूनच न फाटता उलटला.

मूळचं इंजिन उंदरांनी घर करून संपवलं होतं. तळाचे तांब्याचे खिळे कुणीतरी उपटून विकले होते. खाली पाण्यात फिरणारा पितळी पंखा आणि त्याचा दांडा तेवढे शाबूत होते, बहुतेक चोराला ते काढता आले नाहीत म्हणून.

नवऱ्याने एकही वस्तू नवी आणली नाही. विहिरीवरचं डिझेल इंजिन काढलं आणि बोटीत बसवलं. इंजिनापासून पंख्याच्या दांड्यापर्यंत पट्टा लागणार होता, तो तुमसरच्या एका राइस मिलने टाकून दिलेल्या पट्ट्यातून कापून आणला. सडकेच्या कामावर उरलेलं डांबर मागून आणलं. राळ जंगलातली, सण म्हणजे ताग, तो घरचा. रंग पोळ्याचा होता. बैलांची शिंगं रंगवायला आणलेला हिंगूळ डबीत उरला होता, तो तेलात कालवून बोटीच्या नाकाला लावला. ती लाल शिंगाच्या बैलासारखी दिसायला लागली. लोक हसले. मला हसू आलं नाही.

मला इंजिनाची भीती वाटायची. विहिरीवर ते शेतात होतं, दूर होतं. आता ते अंगणात, बोटीच्या पोटात उभं होतं. नवरा हँडल मारायचा, चाक गरगर फिरायचं, काळा धूर निघायचा, आणि पट्टा फट्‌फट् फट्‌फट् करत हवेत उडायचा. त्याला झाकण नव्हतं. एकदा हँडल उलटं फिरलं आणि नवऱ्याच्या अंगठ्याचं कातडं सोलून गेलं. मी मुलीच्या वेण्या डोक्यावर आवळून बांधायला लागले, की पट्ट्यात अडकू नयेत. ती इंजिनाजवळ गेली की मी ओरडायची. रात्री स्वप्नात पट्टा यायचा. सगळा उन्हाळा मी त्या इंजिनाला भ्याले. फळीची भीती मला नव्हती. फळीची भीती कोणालाच नव्हती, कारण फळीचं काम वाढईने केलं होतं.

तो आमच्याच गावचा. नवऱ्यापेक्षा बराच मोठा, म्हणून सगळे त्याला काका म्हणायचे. बंडीचं चाक करावं तर त्याने, असं दूरवर बोललं जायचं. चाकावर लोखंडी धाव बसवायचं काम तो करायचा तेव्हा माणसं बघायला जमायची. गोवऱ्यांच्या जाळात धाव लाल करायची, चिमट्यांनी उचलून चाकावर घालायची, आणि लाकूड पेटायच्या आत वरून पाणी ओतायचं. लोखंड आक्रसतं आणि चाकाला आवळून बसतं. आरे, कडेचे लाकडी पुठ्ठे, सगळं करकचून एक होतं. त्याची धाव कधी निसटली असं मी ऐकलं नाही.

नवऱ्याने त्याला बोट दाखवली. तो फळ्यांवर टिचक्या मारत फिरला. मग म्हणाला, ही बंडीच आहे, चाक नसलेली.

त्याने ती बंडीसारखीच बांधली. वैशाखातल्या उन्हात, कडुलिंबाखाली. बिजाच्या झाडाच्या वाळलेल्या लाकडाच्या लांब पाचरी काढल्या आणि प्रत्येक फटीत ठोकल्या. हातोडा मारताना आवाज बदलेपर्यंत ठोकायचा, मग आणखी एक घाव घालायचा. पाचरीवर सण, राळ आणि डांबर. उपटलेल्या खिळ्यांच्या जागी बंडीचे लोखंडी खिळे. आणि शेवटी त्याने तळाला बाहेरून लोखंडी पट्ट्या मारल्या, गरम करून, धाव बसवतात तशा. पाणी ओतलं तेव्हा पट्ट्या आवळल्या आणि सगळी बोट कण्हली. मी चुलीजवळ होते, तिथपर्यंत आवाज आला.

नवऱ्याने विचारलं, पाण्यात टिकेल ना. वाढई म्हणाला, "उन्हाळ्यात चाक ढिलं झालं तं आपन काय करतो? तलावात टाकतो. लाकूड फुगते, धाव आवळते. हेबी तसंच. पान्यात जाईन, फुगन, आवळन. मंग थेंब नाई येत."

हे सगळ्यांना पटलं. आमच्याकडच्या प्रत्येक माणसाने ढिलं चाक तलावात टाकलेलं होतं आणि दुसऱ्या दिवशी ते घट्ट झालेलं पाहिलं होतं. मीही पाहिलं होतं.

मृग लागल्यावर बोट घाटावर नेली आणि पाण्यात ढकलली. खरोखर एक थेंब आला नाही. नवऱ्याने तळावरून हात फिरवला आणि काठावरच्या लोकांना कोरडा तळहात दाखवला. वाढईने बिडी पेटवली. ढीवर आपला डोंगा धूत होता, त्याने वर पाहिलं नाही.

त्यानंतर पाऊस लागला आणि नदी चढली. पाणी उतरेपर्यंत पलीकडे जाता येणार नव्हतं, म्हणून बोट घाटावर बांधलेलीच राहिली. मी धुणं घेऊन जायची तेव्हा ती आवाज करायची. करकर, आणि मधूनच टक्. जसं कोणी आत बसून सुपारी फोडतंय. मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. त्याने वाढईला घाटावर नेलं. वाढईने बोटीच्या कडेला कान लावला आणि खुश झाला.

"लाकूड आवळून राहिलं," तो म्हणाला.

पाणी उतरलं. पऱ्हे तयार होते. नवऱ्याने बायांना बोलावलं. त्या आल्या, घाटावर उभ्या राहिल्या, आणि पाय उचलेनात. इंजिन चालू केल्यावर दोघी तर मागे सरकल्या. त्यांच्यात एक वयाने मोठी बाई होती, जिच्या मागे बाकीच्या रोवणा करत सरकायच्या. आदल्या वर्षी डोंग्यातून तीही पडली होती. नवरा तिला समजावायला गेला. बोट कशी रुंद आहे, कशी उलटणार नाही, सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

"पाटील, येवढी मजबूत हाये तं तुमची पोट्टी बसवा आधी," ती म्हणाली. "ते पार जाऊन वापस आली का आमी बसतो. आमालेबी लेकरं हायेत."

आमच्याकडे ही रीत होती. नवी विहीर बांधली की तिचं पहिलं पाणी घरच्या लेकराला पाजतात, नव्या बंडीत पहिल्यांदा घरचं लेकरू बसवतात. मालकाला आपल्या वस्तूचा भरवसा आहे हे लोकांना असंच कळतं. नवऱ्याला नाही म्हणता आलं नाही. सगळ्यांसमोर नाही म्हटलं असतं तर त्या बाया त्या वर्षीही हातच्या गेल्या असत्या.

तो घरी आला आणि मला म्हणाला, पोरीला तयार कर. मी चुलीवरचं भांडं उतरवलं नाही. म्हटलं, पलीकडची जमीन पडीक राहू द्या.

"मंग खाचीन काय?"

"मले भेव लागते."

"कायचं?"

"पान्याचं. त्या इंजिनचं. तुमचंबी."

सासू ओसरीवरून ऐकत होती. ती उठली आणि म्हणाली, नवी नाव आहे, नदीची ओटी भरायला पाहिजेच, मीही येते. तिने ताटात तांदूळ, हळद-कुंकू, नारळ आणि खण घेतला. आता मुलगी, सासू आणि नवरा तिघं जाणार आणि मी काठावर राहणार, हे मला जास्त भयंकर वाटलं. मी मुलीला नवा फ्रॉक घातला. तिला एवढा आनंद झाला होता की बटणं लावू देईना. मीही निघाले.

घाटावर वाढई आधीच बोटीत बसलेला होता. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. तो म्हणाला, मी मधात बसतो, काही हललं तर मला कळेल.

निघालो. मी डोळे मिटले नाहीत, कारण मुलगी कडेवर होती आणि सारखी वाकून पाण्यात हात घालायला बघत होती. पट्टा माझ्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर फटफटत होता. मी फक्त त्याच्याकडे बघत होते. काठ मागे गेला. बायांचे आवाज ऐकू येईनासे झाले. धारेत शिरल्यावर बोट थरथरायला लागली, खालून कोणी हाताने चापट्या मारल्यासारखी. नदीच्या मधात आल्यावर सासू म्हणाली, थांबव, ओटी भरायची आहे. नवऱ्याने इंजिन हळू केलं.

पहिला खिळा तुटला तेव्हा मला वाटलं इंजिन फुटलं. मी मुलीचं डोकं छातीशी दाबलं. इंजिन धडधडतच होतं. मग दुसरा आवाज आला आणि तो पायाखालून आला.

तळाची मधली फळी वर उठत होती. तव्यावर भाकर फुगते तशी, सावकाश. दोन लोखंडी पट्ट्यांच्या मधे ती कमानीसारखी झाली आणि कडेने पाणी आत आलं.

चाक गोल असतं. लाकूड फुगलं की चहूबाजूंनी धावेला जाऊन भिडतं आणि सगळं एकमेकाला धरून ठेवतं. बोटीचा तळ सपाट होता. फळ्या इतके दिवस पाण्यात फुगत होत्या, फटी पाचरींनी गच्च भरलेल्या, बाहेरून लोखंड आवळलेलं. फुगायला जागा फक्त वर होती. इतके दिवस घाटावर जे टक् टक् वाजत होतं ते हेच होतं. हे मला आज सांगता येतं. तेव्हा मी एवढंच पाहिलं की जमीन फाटावी तशी पायाखालची बोट फाटत आहे.

वाढईने फळीकडे पाहिलं. मग तो उठला आणि दोन्ही पायांनी फळीवर उभा राहिला. फळी खाली गेली. पाणी कमी झालं, थांबलं नाही. नवऱ्याने इंजिन जोरात केलं आणि बोट काठाकडे वळवली. तोपर्यंत पाणी पट्ट्यापर्यंत आलं होतं. ओला पट्टा आधी चाकावर घसरला, मग निसटून पडला. नवऱ्याने पकड यावी म्हणून खिशातली राळ त्याला चोळली, परत चढवला, परत पडला. धार आम्हाला खाली नेत होती. घाट आता समोर नव्हता, मागे गेला होता.

मी सासूच्या हातातलं ताट ओढलं. ती सोडेना. मी जोर लावला. नारळ आणि तांदूळ पाण्यात सांडले आणि मी त्या ताटाने पाणी उपसायला लागले. एका हाताने, कारण दुसऱ्या हातात मुलगी. ताट उथळ होतं, निम्मं पाणी परत आत पडायचं. मुलगी रडत नव्हती. ती माझ्या कानात एकच विचारत होती, घरी कधी जायचं, घरी कधी जायचं. मला तिला गप्प बस म्हणायलाही दम नव्हता. माझे दात वाजत होते. पाणी थंड नव्हतं.

ढीवर येताना आधी मला दिसला नाही, सासूला दिसला. त्याने काठावरून पाहिलं होतं आणि डोंगा पाण्यात घातला होता. तो उभा राहून वल्हं मारत येत होता, पण तो धारेत होता आणि आम्हीही धारेत होतो. डोंगा आमच्याजवळ यायला जेवढा वेळ लागला तेवढा वेळ मी पुन्हा कधी काढला नाही. इंजिन बुडून बंद पडलं. ते बंद पडल्यावर मला नदी ऐकू आली.

ढीवराने डोंगा बोटीला लावला नाही. हातभर दूर ठेवला, आम्ही सगळे एकदम उडी मारू आणि त्याचा डोंगा उलटवू या भीतीने. "पोट्टीले दे," तो म्हणाला. "बाकीचे हलू नोका."

मुलगी माझा गळा सोडेना. मी तिचे हात ओढले, ते पुन्हा आवळले. नवरा ओरडला. ढीवर ओरडला. मी तिच्या मनगटाला चावले. जोरात चावले. तिने हात सोडला आणि मी तिला दोन्ही हातांनी ढीवराकडे फेकल्यासारखं दिलं. त्याने तिला डोंग्यात आडवं पाडलं आणि तिच्या पोटावर पाय ठेवला, ती उठू नये म्हणून.

मग सासू. नवऱ्याने तिला पाण्यात उतरवलं आणि ढीवराने दंडाला धरून आत ओढलं. डोंगा एका कडेने पाण्याला टेकला, मग सावरला. आता त्यात कोणाला जागा नव्हती. ढीवर मला म्हणाला, कड धर आणि लटक, पाय मारू नको. मी बोटीच्या काठावर बसले होते. मला उतरता येईना. खाली तळ नाही हे मला माहीत होतं. नवऱ्याने मला ढकललं.

पाणी नाकातोंडात गेलं. मी डोंग्याची कड धरली आणि तोंड वर केलं. पाय धारेने ओढले जात होते, जसं खालून कोणीतरी लुगडं धरून ओढतंय. त्या क्षणी मला मुलगीही आठवत नव्हती. फक्त बोटं आठवत होती, माझीच, कडेवरची.

मागे नवरा वाढईला म्हणत होता, काका, चला, आता सोडा. बोट कडांपर्यंत भरली होती. वाढई अजून फळीवर उभा होता.

"मी पाय काढला का हे जाते," तो म्हणाला. "डोंगा दूर जाऊ दे पयले."

त्याला मी देव म्हणणार नाही. फळी त्यानेच तशी ठोकली होती. पण बोट जाताना भोवऱ्यासारखं पाणी ओढते आणि डोंगा जवळ असता तर तोही गेला असता, हे ढीवराने पुढे स्वतः सांगितलं.

त्यानंतरचं मी पाहिलं नाही, माझं तोंड दुसरीकडे होतं. मोठा आवाज झाला, लाकूड मोडल्याचा. नवऱ्याने नंतर एकदाच सांगितलं, पुन्हा कधी बोलला नाही. फळी मधून तुटली आणि वाढईचा एक पाय मांडीपर्यंत खाली गेला. लोखंडी पट्टी आणि तुटलेल्या फळीमधे तो अडकला. नवऱ्याने त्याला काखेत धरून ओढलं. इंजिनाच्या वजनाने बोटीचं मागचं टोक आधी गेलं. नवरा त्याला धरून पाण्याखालीही गेला. मग श्वास संपला आणि त्याने हात सोडला.

ढीवराने आम्हाला खाली बाभळीच्या बनाजवळ काठाला लावलं. नवरा पोहत आला आणि रेतीत पालथा पडला. मुलीच्या मनगटावर माझ्या दातांचे वण होते, त्यांतून रक्त येत होतं. ती मला हात लावू देईना. सासू तिला मांडीवर घेऊन बसली आणि सारखी म्हणत राहिली की ओटी भरली नाही.

वाढईला वर काढायला ढिवरांना दोराने बोट हलवावी लागली. त्या वर्षी पलीकडची जमीन पडीक राहिली, पुढच्या वर्षीही. गावात काही लोक म्हणायचे, त्याने यांना बुडवलं. काही म्हणायचे, त्याने यांना वाचवलं. त्याची बायको माझ्यासमोर आली की मी मान खाली घालत नसे आणि तीही नाही. आम्ही दोघी एकाच विहिरीवर पाणी भरत राहिलो.

आम्ही बोटीत पाच जण बसलो होतो. मी, माझी मुलगी, माझा नवरा आणि सासू वाचलो. वाढई मेला.